येते हं

साथ सुरू झाल्यावर पहिले तीन आठवडे आम्हाला कुणी हिंग लावून विचारलं नाही. अडतीस म्हातारी माणसं, सहा कर्मचारी आणि मी. चौथ्या आठवड्यात मात्र सगळ्यांना एकदम आमचा पुळका आला. मोठं रुग्णालय, दोन आरोग्य केंद्रं आणि आमच्यासकट सहा वृद्धनिवास यांचा मिळून एक सहकार्य गट झाला. पत्र आलं: प्रत्येक निवासाने आपला एक 'दुवा' नेमावा.

"दुवा द्यायला माणूस नेमतात होय?" मावशीने विचारलं. मावशी आमच्याकडे सोळा वर्षं म्हाताऱ्यांचं सगळं करते. न्हाऊ घालते, भरवते, भांडते.

"दुवा म्हणजे जोडणारा. दोन्हीकडचे निरोप नीट पोचवणारा."

"मग काकूंना नेमा की. त्यांची नोकरीच ती होती."

तिचं काही खोटं नव्हतं. सात नंबरच्या खोलीतल्या काकू एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आख्ख्या गावाची भांडणं, सोयरिकी आणि मयतीच्या बातम्या त्यांच्या हातून इकडच्या तिकडे गेल्या होत्या. पण पत्राला उत्तर द्यायचं काम माझं, म्हणून दुवा मी झाले. व्यवस्थापिकेच्या नशिबात आधीच काय कमी होतं.

रोज सकाळी दहाला व्हिडिओवर बैठक. पडद्यावर नऊ चौकोन, त्यातले चार कायम छताचे. सोमवारी सांगायचे खिडक्या उघड्या ठेवा, गुरुवारी सांगायचे खोल्यांचं वारं एकमेकांत जाऊ देऊ नका. मग खिडक्या उघडून वारं कुठे पाठवायचं ते मी विचारलं, तर म्हणाले, लेखी कळवतो. लाल कागद, पिवळा कागद, हिरवा कागद. कोण कुठल्या रंगात हे पाठ होईतो रंग बदललेले. एक ना धड, भाराभर चिंध्या. आम्ही तोंडं बांधून फिरायचो, तर म्हातारी माणसं आम्हाला ओळखेनात. मला एका आजोबांनी दोन दिवस डॉक्टर समजून गुडघे दाखवले. तिसऱ्या दिवशी मीही तपासले.

तरी सांगते, गट नसता तर आम्ही संपलो असतो. आमच्या कामावरच्या दोन बायका आजारी पडल्या तेव्हा आरोग्य केंद्राने एक नर्स उसनी दिली. शेजारच्या निवासात ऑक्सिजनची दोन मशिनं होती. गरज पडेल तसं ती नऊ जणांत फिरायची. आणि रुग्णालयातली डॉक्टर होती. तिशीचीसुद्धा नसेल. डोळ्यांखाली काळं, आवाज बसलेला, पण विचारलेल्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणायची तिला लाज नव्हती. एवढ्यावरच माझा तिच्यावर विश्वास बसला.

ती एक गोष्ट रोज घोकून घ्यायची. "ऑक्सिजन कमी झाला की माणूस गोंधळतो. काहीही बोलतो. म्हणून शुद्धीवर असताना त्याची इच्छा विचारून ठेवा, आणि नंतर तीच धरा." मी ते भिंतीवर लिहून लावलं होतं.

मग काकूंची तपासणी सकारात्मक आली.

सकारात्मक म्हणजे वाईट, हे सुद्धा आम्ही त्या साथीतच शिकलो. काकूंना खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं. त्यांचे यजमान, आमचे काका, यांची तपासणी साफ होती, ते सातमध्येच राहिले. आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

काका शिंपी होते. आता त्यांना स्वतःचं नाव दहातून चारदा आठवायचं, पण बोटं काही विसरली नव्हती. पांघरुणाची कड दिवसभर दुमडत, नसलेल्या सुईने टीप घालत बसायचे. ते फक्त काकूंच्या आवाजावर जेवायचे. मागे काकू डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस बाहेर गेल्या, तर या माणसाने दात उघडले नाहीत. शेवटी सलाईन लावावं लागलं, आणि तेही त्यांनी ओढून काढलं. त्या वेळी वाचले. आता आणखी चार वर्षांनी म्हातारे होते, पाखराएवढे झाले होते. दोन दिवससुद्धा फार होते.

तोड काकूंनीच काढली. प्रत्येक खोलीत आतल्या आत बोलायचा फोन आहे. दुपारी साडेबाराला आणि संध्याकाळी सातला त्या आपल्या खोलीतून सात नंबर लावायच्या. मावशी फोन काकांच्या कानाला धरायची. पलीकडून एक्स्चेंजमधला तो खणखणीत आवाज यायचा, "बोला, जोडलंय." आणि काका तोंड उघडायचे. तेवढ्यात घास आत. मग पुढचा. वाटी संपली की त्या म्हणायच्या, "बरं, येते हं." काका म्हणायचे, "ये." बाकी दिवसभर तोंडातून शब्द नाही, पण हा 'ये' ठरलेला.

पाचव्या दिवशी काकूंचा ऑक्सिजन एक्क्याण्णव झाला. बैठकीत मी सांगितलं. डॉक्टर म्हणाली, इथे आणलेलं बरं, पण आधी मी त्यांना स्वतः विचारते. मी सांगितलं, त्या येणार नाहीत, काल मला ठणकावून सांगितलंय, 'मला हलवू नकोस, यांच्या पोटाचा प्रश्न आहे.' डॉक्टर म्हणाली, तरी विचारते, नियम आहे. मला तो नियम आवडला. आमच्या माणसांना कुणी काही विचारायचं बंदच झालं होतं.

अकराला तिचा फोन मी ऑफिसातून काकूंच्या खोलीत जोडून दिला. आत दुसरं कुणी नव्हतं. नंतर मी दाराबाहेरून विचारलं, "काय ठरलं?"

"छान आहे गं पोरगी. आवाज बसलाय तिचा. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर म्हटलं."

"पण ठरलं काय?"

"ठरलं ना," म्हणाल्या आणि कूस वळवली.

मी समजले, न जायचं ठरलं. बारा वाजता दारात रुग्णवाहिका.

चालक आपादमस्तक पांढऱ्या पोशाखात, हातात कागद. कागदावर काकूंचं नाव, वय, आणि खाली लिहिलेलं: 'रुग्ण स्वतः येते म्हणाल्या.'

माझं डोकं चालेना. काल नाही, आज हो? घाबरल्या का? की त्या मुलीने घाबरवलं? मी तो प्लॅस्टिकचा झगा चढवून आत गेले. "काकू, गाडी आली."

"कुणाची?"

"तुमच्यासाठी. तुम्ही येते म्हणालात ना?"

"मी? मी कुठे जातेय? डोकं फिरलंय का तुझं?"

आता इथे माझी पाचावर धारण बसली. कारण भिंतीवर माझ्याच हाताने लिहिलं होतं: ऑक्सिजन कमी झाला की माणूस गोंधळतो, आधी म्हणाला ते धरा. मग आधीचं कुठलं? कालचं 'हलवू नकोस' हे आधीचं, की अकरा वाजताचं 'येते' हे आधीचं? गोंधळलेल्या काकू आताच्या, की अकराच्या? की गोंधळलेली मी एकटीच, आणि बाकी सगळे आपापल्या जागी बरोबर? मी बोटाचं यंत्र लावलं. नव्वद. यंत्रालाही नेमकं काही सांगायचं नव्हतं.

चालक दारातून ओरडला, "मॅडम, अजून तीन ठिकाणं आहेत."

"तिसऱ्या ठिकाणची म्हातारी पळून जाणार नाहीये," मी म्हटलं आणि डॉक्टरला फोन लावला. "मला शब्दाला शब्द सांगा. तुम्ही काय विचारलंत, त्या काय म्हणाल्या?"

तिने वही काढलेली ऐकू आली. "मी विचारलं, आजी, गरज पडली तर आमच्याकडे येणार ना? त्या म्हणाल्या, हो हो. मग गुळण्यांचं सांगितलं. मग म्हणाल्या, बरं, येते हं. आणि फोन ठेवला."

मी तिथेच, झग्यासकट, जमिनीवर बसले. मला हसू आलं आणि त्याचं रडू कधी झालं कळलं नाही. "अहो डॉक्टर, तो त्यांचा फोन ठेवायचा शब्द आहे. तुम्ही निघताना 'जाते' म्हणता का?"

मग बसका आवाज आला, "माझी आजी दारातून तीनदा 'येते' म्हणते आणि तासभर हलत नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं. आज चौसष्टावा फोन होता हा." मग म्हणाली, "पण आधी 'हो हो' म्हणाल्या होत्या. ते कशाचं?"

ते त्यांनाच विचारा, मी म्हटलं. फोन तसाच काकूंच्या समोर धरला. डॉक्टरने सरळ विचारलं, "आजी, तुम्हाला इथे हलवू की नको? हो किंवा नाही सांगा."

काकूंना धाप होती, पण ऑपरेटर जागी झाली. "एकतीस वर्षांत मी 'जाते' म्हणून फोन ठेवलेला नाही. जाते म्हणायचं नसतं. एवढं साधं तुमच्या कागदात बसत नसेल तर कागद मोठा करा. आत्ता नको. साडेबारा होत आलेत, यांचं जेवण आहे."

"आणि जास्त झालं तर?"

"तेव्हाचं तेव्हा मी सांगीन. मीच सांगीन."

डॉक्टर म्हणाली, ठीक. दोन फोन केले तिने; तासाभरात शेजारच्या निवासातून ऑक्सिजनचं मशीन आलं आणि आरोग्य केंद्रातल्या नर्सने दर चार तासांनी येऊन बघायचं ठरलं. रिकामी गाडी परत नेताना चालक वैतागून म्हणाला, "बरं, येतो."

"येऊ नका," मावशी म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा सगळे हसलो, चालकसुद्धा.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत डॉक्टरने नऊही चौकोनांना हा किस्सा सांगितला, स्वतःची चूक म्हणून. मग ठरलं, की इच्छा विचारताना एकाने विचारायचं, दुसऱ्याने शेजारी बसून ऐकायचं, आणि 'येणे-जाणे' हे शब्द वापरायचेच नाहीत, 'हलवणे' म्हणायचं. ध चा मा होऊ नये म्हणून. मला वाटलं, चला, आमच्या काकूंनी मोठ्या रुग्णालयाला एक शब्द शिकवला. मी दोन दिवस त्याच तोऱ्यात होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन लावूनही आकडा शहाऐंशी. संध्याकाळचा फोन लागायला उशीर झाला म्हणून मी दाराशी गेले, तर काकू फोन हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "नंबर आठवत नाही गं." सात. फक्त सात दाबायचं होतं.

मी दाबून दिला. काकांचा घास झाला, वाटी अर्धीच संपली, कारण दोन शब्दांच्या मध्ये काकूंना थांबावं लागत होतं. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "आता हलव मला. मीच सांगते आहे, शुद्धीवर आहे. तुझा तो दुसरा ऐकणारा माणूस बोलाव."

मावशीला बोलावलं. तिच्या समोर काकूंनी पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "यांचं?"

मी डॉक्टरला फोन लावला. उत्तर तिने दिलं. म्हणाली, वॉर्डात साडेबाराला आणि सातला मी किंवा नर्स फोन धरीन, शब्द देते. आजवर सरकारी-खासगी कागदांवर 'सहकार्य' हा शब्द मी हजारदा वाचला असेल. त्याचा अर्थ कुणाच्या तरी कानाला फोन धरून उभं राहणं, हे त्या दिवशी कळलं.

तोच चालक आला. त्याने न सांगता स्ट्रेचर सात नंबरच्या दारासमोरून नेलं आणि तिथे थांबवलं. आत काका खिडकीशी पांघरुणाची कड दुमडत होते. काकूंनी तोंडावरचा मास्क जरा बाजूला केला. आम्ही तिघंही, मी, मावशी आणि चालक, त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"अहो," काकू म्हणाल्या. "येते हं."

काकांनी मान वर केली नाही. "ये," म्हणाले.

ते 'येते' कुठलं होतं, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. फोन ठेवण्याचं, की खरंच परत येण्याचं, की तिसरंच काही.

पाच दिवस फोन आला. साडेबाराला बारा-एकतीस झाले नाहीत. पलीकडे यंत्रांचा आवाज, कुणीतरी खोकतंय, आणि मध्येच तो आवाज, रोज थोडा बारीक झालेला: "बोला, जोडलंय." काका तोंड उघडायचे. एकदा काकूंना बोलवेना, तर डॉक्टरनेच त्यांच्या सुरात म्हणून पाहिलं. काकांनी फोनकडे अशा नजरेने पाहिलं, जणू कुणीतरी मापाला चुकलंय. पण काकूंनी पाठीमागून नुसतं 'हं' म्हटलं आणि त्या 'हं'वर तीन घास गेले.

सहाव्या दिवशी सकाळी साडेअकराला फोन वाजला. मी मनात म्हटलं, आज तासभर लवकर. डॉक्टर होती.

"मी शब्द फिरवत नाही," ती म्हणाली. "काकू वारल्या. दहा वाजून चाळीस मिनिटांनी. मी हात धरून होते. शेवटचं काही बोलल्या नाहीत." मग म्हणाली, "तुम्हाला नीट ऐकू गेलं ना?"

"गेलं," मी म्हटलं. ती रडत होती, पण शब्द तिने चोख वापरला होता. दुसरा कुठलाही अर्थ निघू नये असा.

आता एक तास माझ्या हातात होता. काकांना सांगायचं की नाही? मावशी म्हणाली, नका सांगू, त्यांना कुठे काय कळतंय. नर्स म्हणाली, सांगायला हवं, त्यांचा हक्क आहे. दोन्ही पटत होतं. न सांगता भरवायला गेले तर ते फोनची वाट बघणार. सांगितलं तर तोंड कायमचं मिटणार. बैठकीत विचारावं तर बैठक सकाळी होऊन गेली होती, आणि असल्या प्रश्नाला त्यांच्याकडे कुठल्या रंगाचा कागद असणार. ज्या कामासाठी मला नेमलं होतं, निरोप नीट पोचवायचं, ते नेमकं एवढंच होतं, आणि मला ते करायचं नव्हतं.

साडेबाराला मी वाटी घेऊन सातमध्ये गेले. मावशीला म्हटलं, आज मी भरवते. काकांसमोर खुर्ची ओढून बसले. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत फोनकडे. बोटं पांघरुणावर थांबली होती.

मला 'वारल्या' म्हणायचं होतं. डॉक्टरने मला तो शब्द तयार करून दिला होता. पण साऱ्या गटाला शब्दांवरून शहाणपण शिकवणारी मी, मीच नेमका निसरडा शब्द धरला.

"काका," मी म्हटलं, "काकू गेल्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, समजलं. मग त्यांनी विचारलं,

"कुठे?"

दाराशी मावशीने पदर तोंडात धरला होता. काकांनी जरा वाट पाहिली, आणि मलाच समजावल्यासारखं, हळू, पण चार-पाच वर्षांत ऐकला नव्हता इतक्या सरळ आवाजात म्हणाले, "येते म्हणाली होती ना काल. मग येईल. तू भरव."

आणि तोंड उघडलं.

मी घास भरवला. मग दुसरा. फोन वाजला नाही, कुणी जोडलंय म्हटलं नाही, तरी ते जेवत राहिले आणि मी भरवत राहिले. मी खरं सांगितलं की खोटं, निरोप पोचला की नाही, त्यांना सगळं कळलं होतं का आणि ते माझ्यासाठी जेवत होते का, हे त्या वेळी मला समजत नव्हतं. अजूनही समजत नाही. वाटी रिकामी झाल्यावर मी तोंड पुसलं, पांघरूण सारखं केलं आणि उठले.

"बरं काका," मी म्हटलं, आणि पुढचा शब्द नेहमीचाच तोंडात आला. तो मी क्षणभर धरून ठेवला. दुसरा कुठला सापडेना.

"येते हं."

"ये," काका म्हणाले.